निर्वासितांचा प्रश्न व संपन्न राष्ट्रांचें कर्तव्य

'निर्वासित' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस वर्तमानपत्रांतून परिचित झालेला आहे. परंतु परिचित शब्दाचा अर्थ नीट ठाऊक असतोच असें नाहीं. या शब्दाच्या आसपास आणखी तीन शब्द वावरत असतात : शरणार्थी, विस्थापित आणि स्थलांतरित. या चौघांची सरमिसळ झाली कीं विचारांचीहि सरमिसळ होते, आणि या प्रश्नावर जे वादविवाद ऐकूं येतात त्यांपैकीं निम्मे तरी या सरमिसळींतूनच उत्पन्न झालेले असतात, असें आमचें मत आहे. म्हणून प्रथम शब्दांकडे पाहूं.

कोंकणांतला मनुष्य पोटासाठीं मुंबईस जातो, तो स्थलांतरित. त्याला गांवीं परत जातां येतें. शिमग्याला व गणपतीला तो जातोहि. ज्याचें घर धरणाच्या पाण्याखालीं गेलें, किंवा लढाईमुळें ज्याला आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागांत जावें लागलें, तो विस्थापित. त्याच्या डोक्यावर, निदान कागदोपत्रीं तरी, स्वतःच्या सरकारचें छत्र असतें. निर्वासित याहून निराळा. त्याला सरहद्द ओलांडावी लागली आहे आणि मागें वळतां येत नाहीं. कारण ज्या सरकारनें त्याचें रक्षण करावयाचें तेंच त्याच्या जिवावर उठलेलें असतें, किंवा त्याचें रक्षण करण्यास असमर्थ झालेलें असतें. आमच्या भाषेंत 'निर्वासित' या शब्दांत वास नाहींसा झाल्याची खूण आहे, तर 'शरणार्थी' या शब्दांत कोणापाशीं तरी कांहीं मागितल्याची. पहिला शब्द मागें सुटलेल्या घराकडे पाहतो, दुसरा समोरच्या दाराकडे. आमचा आजचा विषय त्या समोरच्या दाराचा आहे.

निर्वासिताच्या या निराळेपणाला आजचें कायद्याचें स्वरूप आलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर. जिनीव्हा येथें २८ जुलै १९५१ रोजीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यांत निर्वासिताची व्याख्या केलेली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटाचें सभासदत्व किंवा राजकीय मत यांपैकीं कशामुळें तरी आपला छळ होईल अशी साधार भीति ज्यास वाटते, व त्या भीतीमुळें जो स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित. मूळ करार १९५१ पूर्वींच्या घटनांपुरताच होता. ही मर्यादा १९६७ च्या पुरवणी करारानें काढून टाकण्यांत आली. या कराराचें तेहतिसावें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. ज्या ठिकाणीं निर्वासिताच्या जिवास किंवा स्वातंत्र्यास धोका आहे त्या ठिकाणीं त्यास कोणत्याहि रीतीनें परत लोटूं नये, असें तें सांगतें. परंतु लोटूं नये म्हणजे काय करावें ? किती जणांना कोणत्या देशानें ठेवून घ्यावें, आणि त्यांचा खर्च कोणीं सोसावा ? प्रस्तावनेंत राष्ट्रांच्या सहकार्याचा उल्लेख आहे खरा. पण या दोन प्रश्नांविषयीं बंधनकारक असें एक अक्षरहि करारांत नाहीं. परिणाम असा झाला आहे कीं, ओझें कोणत्या देशावर पडावें हें कराराऐवजीं नकाशा ठरवितो.

(आमच्या देशानें या करारावर सही केलेली नाहीं, हें येथें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तथापि १९५९ सालीं तिबेटांतून आलेल्यांना आपण जागा दिली, आणि १९७१ सालीं पूर्व बंगालांतून सुमारें एक कोटि माणसें आलीं तेव्हां त्यांचा भार याच देशानें कित्येक महिने वाहिला. सही आणि आचरण या दोन गोष्टी नेहमींच हातांत हात घालून चालतात असें नाहीं.)

नकाशा काय ठरवितो तें आंकड्यांवरून पाहतां येईल. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कचेरीनें २०२४ अखेरचे जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणें जगांत घरादारास मुकलेले लोक १२ कोटि ३२ लक्ष होते. त्यांपैकीं ७ कोटि ३५ लक्ष स्वतःच्याच देशांत विस्थापित होते. सरहद्द ओलांडलेले निर्वासित सुमारें ४ कोटि २७ लक्ष. आतां विद्यार्थ्यांनीं पुढचा आंकडा लक्षपूर्वक वाचावा : दर शंभर निर्वासितांपैकीं ७३ जण गरीब अथवा मध्यम स्थितीच्या देशांत राहत होते, आणि ६७ जण तर आपल्या देशाला लागून असलेल्या देशांतच. सर्वांत अधिक निर्वासित इराणांत, ३५ लक्ष. त्याखालोखाल तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी व युगांडा. या पांचांत संपन्न म्हणावें असें राष्ट्र एकच आहे.

याचें कारण अगदीं साधें आहे. मनुष्य जिवाच्या भीतीनें निघतो तेव्हां तो पायीं निघतो, मिळेल त्या गाडीच्या टपावर बसतो, कडेवर मूल व डोक्यावर गांठोडें घेऊन जी सरहद्द जवळ असेल ती गांठतो. सुदानांतला मनुष्य चाडमध्यें जातो. अफगाणिस्तानांतला इराण किंवा पाकिस्तानांत. २५ ऑगस्ट १९१७ नव्हे, १०० वर्षांनंतरचा २५ ऑगस्ट २०१७. त्या दिवसापासून कांहीं महिन्यांच्या आंत सात लक्षांहून अधिक रोहिंग्या लोक म्यानमारमधून बांगलादेशाच्या कॉक्स बाजार जिल्ह्यांत आले. शतकाचा फरक आम्हीं मुद्दाम दाखविला. कारण असे प्रसंग जुन्या युद्धांच्या धड्यांतलेच असावेत अशी समजूत विद्यार्थ्यांमध्यें आढळते.

लेबाननचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें. हा देश इतका लहान आहे कीं आमच्या महाराष्ट्रांतले कित्येक जिल्हे त्याहून मोठे आहेत. शेजारच्या सीरियांत २०११ सालीं यादवी सुरू झाली, आणि चार वर्षांत नोंद झालेले निर्वासितच तेथें दहा लक्षांच्या वर गेले. देशांतल्या दर चार-पांच माणसांमागें एक मनुष्य निर्वासित, असें प्रमाण पडलें. त्या सरकारनें मुलांसाठीं काय केलें ? सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालविल्या. सकाळीं नेहमींचे वर्ग भरत; दुपारीं त्याच बांकांवर सीरियन मुलें येऊन बसत. बांक तेच, फळा तोच. दोन पाळ्यांच्या शाळा आमच्याकडेहि आहेत, त्यामुळें दुपारच्या पाळीला वर्ग किती थकलेला असतो हें आम्ही जाणतों. तरीहि हजारों मुलांचें लिहिणें-वाचणें त्या पाळीमुळेंच चालूं राहिलें, आणि त्या पाळीचा पुष्कळसा खर्च परदेशांहून आलेल्या मदतींतून भागत असे. शाळा लेबाननची, पैसा श्रीमंत देशांचा, अशी ही वांटणी होती. अपुरी होती, पण वांटणी होती.

हें चित्र डोळ्यांसमोर ठेवलें म्हणजे संपन्न देशांत वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न विचित्र वाटूं लागतो. 'सगळ्या जगाला आम्ही कसे घेणार ?' असें तेथील पुढारी विचारतात. परंतु सगळ्या जगाला घ्या असें त्यांस कोणीं म्हटलेलेंच नाहीं. बहुतेक जग तर शेजाऱ्यांनींच घेतलेलें आहे. खरा प्रश्न इतकाच कीं, त्या शेजाऱ्यांच्या पाठीशीं कोणी उभें राहणार आहे कीं नाहीं. इतिहासांत या प्रश्नाला दोन्ही प्रकारचीं उत्तरें मिळालेलीं आहेत, आणि दोन्हींचे परिणाम नोंदलेले आहेत.

वाईट उत्तर आधीं सांगतों. १९३३ नंतर जर्मनींत यहुदी लोकांचा छळ सुरू झाला व १९३८ च्या मार्चमध्यें ऑस्ट्रिया जर्मनीच्या घशांत गेल्यावर तो पराकोटीला पोहोंचला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सूचनेवरून जुलै १९३८ मध्यें फ्रान्सांतील एव्हियाँ या गांवीं बत्तीस राष्ट्रांची परिषद भरली. जिनीव्हाच्या सरोवराकांठचें हें हवा खाण्याचें ठिकाण. हॉटेलें उत्तम, वारा थंड. नऊ दिवसांच्या चर्चेंत प्रतिनिधीमागून प्रतिनिधि उठला, सहानुभूतीचे शब्द बोलला, आणि आपल्या देशांत जागा कां नाहीं हें सांगून खालीं बसला. एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकानें मोठ्या संख्येनें लोक घेण्याची तयारी दाखविली, आणि प्रत्यक्षांत तेथेंहि कांहीं शेंकडेच पोहोंचले. पुढल्याच वर्षीं, मे १९३९ मध्यें, 'सेंट लुई' नांवाचें जहाज हांबुर्गहून ९३७ उतारू घेऊन क्यूबाकडे निघालें. त्यांतील बहुतेक सर्व यहुदी होते. हवाना बंदरांत केवळ २८ जणांना उतरूं देण्यांत आलें. जहाज फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळून गेलें. किनाऱ्यावरचे दिवे उतारूंना दिसत होते. तेथेंहि परवानगी मिळाली नाहीं, आणि तें युरोपांत परत आलें. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जम व हॉलंड यांनीं उतारू वांटून घेतले. पण वर्षाच्या आंत यांपैकीं तीन देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत गेले. त्या जहाजावरील २५४ माणसें पुढें नाझींच्या हत्याकांडांत मारलीं गेलीं, असें नंतरच्या शोधांत सिद्ध झालें आहे.

आतां दुसरें उत्तर. १९७५ नंतर व्हिएटनाम, लाओस व कंबोडिया या देशांतून लोक बाहेर पडूं लागले. पुष्कळ जण पडक्या मचव्यांतून समुद्रांत शिरले. किती बुडाले त्याची गणती नाहीं. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया वगैरे शेजाऱ्यांनीं कांहीं काळ त्यांस किनाऱ्याला लागूं दिलें. परंतु १९७९ च्या जूनअखेर या देशांनीं एकत्र जाहीर केलें कीं, यापुढें एकहि नवा मनुष्य आम्ही घेणार नाहीं. मचवे पुन्हा समुद्रांत ढकलले जाऊं लागले. तेव्हां जुलै १९७९ मध्यें जिनीव्हा येथें ६५ राष्ट्रांची परिषद भरली. एव्हियाँहून हें ठिकाण फार दूर नाहीं, सरोवरहि तेंच. पण येथें घडलें तें निराळें. संपन्न राष्ट्रांनीं सव्वा लक्ष माणसांऐवजीं दोन लक्ष साठ हजारांना कायमची जागा देण्याचें वचन दिलें आणि पैसाहि देऊं केला. त्या भरंवशावर शेजारच्या देशांनीं आपले किनारे पुन्हा तात्पुरते उघडले. सुमारें वीस वर्षांच्या काळांत या तीन देशांतून तीस लक्षांहून अधिक लोक बाहेर पडले आणि त्यांतील सुमारें पंचवीस लक्षांना दूरच्या देशांत नवें घर मिळालें. एकट्या अमेरिकेनें दहा लक्षांहून अधिक घेतले.

या प्रसंगांतील कळ विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी, कारण आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म तींत आहे. दूरचें श्रीमंत दार थोडेंसें उघडलें म्हणून जवळचें गरीब दार सताड उघडें राहिलें. मलेशियाला खात्री पटली कीं आलेला मनुष्य आपल्याच गळ्यांत कायमचा पडणार नाहीं, तेव्हांच त्यानें त्यास किनाऱ्यावर पाय ठेवूं दिला. उलट दूरचें दार बंद झालें तर शेजारीहि विचारतो, 'ते एवढे धनवान् असून घेत नाहींत, मग मींच कां ?' आणि या प्रश्नाला उत्तर देणें कठीण आहे.

त्याच प्रसंगीं कॅनडानें जें केलें त्याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. तेथें कायद्यानें अशी सोय केलेली होती कीं, पांच किंवा अधिक नागरिकांनीं, किंवा एखाद्या मंडळीनें वा संस्थेनें, पुढें येऊन एका निर्वासित कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलावा : घर पाहून द्यावें, थंडीचे कपडे द्यावे, मुलांना शाळेंत घालावें, भाषा शिकवावी. १९७९ व १९८० या दोन वर्षांत कॅनडांत सुमारें साठ हजार माणसें आलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अशा खासगी जामिनावर आलीं. १९८६ सालीं नान्सेन पदक एखाद्या व्यक्तीस न देतां कॅनडाच्या जनतेस देण्यांत आलें. हे नान्सेन म्हणजे नॉर्वेचे सुप्रसिद्ध ध्रुवप्रवासी. बर्फावरून ग्रीनलंड ओलांडणारा हा गृहस्थ १९२१ सालीं राष्ट्रसंघाचा पहिला निर्वासित-आयुक्त झाला, आणि ज्यांना देश नाहीं त्यांना प्रवासाचा दाखला काढून देण्याची युक्ति त्यानेंच १९२२ सालीं काढली. एका कागदानें माणसाला पुन्हा माणसांत आणतां येतें, हें त्यानें दाखविलें. पुढें कधीं जागा मिळाल्यास आम्ही त्याचें चरित्र या अंकांतून स्वतंत्रपणें देऊं.

दार उघडण्यास संपत्तीच असावी लागते असेंहि नाहीं. याचा दाखला दूर शोधावयास नको. कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. १९४० च्या सुमारास रशियानें त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे व कझाकस्तानाकडे नेलें होतें. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गें तीं इकडे आलीं. वळिवड्यास त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होतें, बालवीरांचीं पथकें होतीं. खर्च लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार सोशीत होतें. जागा, पाणी, बाजार व शेजार येथला होता. १९४३ हें वर्ष कोणतें होतें याची आठवण पालकांपैकीं इतिहासप्रेमी मंडळींस असेलच : त्याच वर्षीं बंगालांत लक्षावधि लोक दुष्काळानें मेले. अशा वर्षीं, स्वतः परतंत्र असलेल्या देशांत, पंचगंगेच्या खोऱ्यांत परक्यांचीं मुलें सुखरूप वाढलीं. युद्धानंतर त्यांतील बहुतेकांना मायदेशीं जातां आलें नाहीं वा जावेंसें वाटलें नाहीं; तीं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इत्यादि देशांत पांगलीं. वळिवडें हेंहि एकट्यानें पेललेलें ओझें नव्हतें. एकानें जागा दिली, दुसऱ्यानें पैसा, आणि पुढें तिसऱ्यानें कायमचें घर. ही तीन माणसांची कावड आम्हांस आदर्श वाटते.

आजच्या काळांत संपन्न राष्ट्रांना हें जमतच नाहीं असें म्हणावें तर तेंहि खरें नाहीं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली. अवघ्या आठ दिवसांत, ४ मार्च रोजीं, युरोपीय संघानें २००१ पासून कपाटांत पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम प्रथमच अमलांत आणला. युक्रेनहून आलेल्याला राहण्याचा, काम करण्याचा, औषधोपचाराचा आणि मुलांना शाळेंत घालण्याचा हक्क, वैयक्तिक चौकशीची वाट न पाहतां मिळाला. चाळीस लक्षांहून अधिक लोकांनीं त्याचा आश्रय घेतला, आणि युरोप बुडाला नाहीं. परंतु त्याच युरोपाच्या दक्षिणेस भूमध्य समुद्र आहे, आणि २०१४ पासून त्या समुद्रांत तीस हजारांच्या वर माणसें बुडून मेलीं किंवा बेपत्ता झालीं आहेत. १४ जून २०२३ रोजीं ग्रीसजवळ एक मासेमारी जहाज उलटलें; त्यावर सुमारें साडेसातशें माणसें होतीं, वांचलीं तीं १०४. शेजाऱ्याला घेणें सोपें, दूरच्याला कठीण, हें आम्ही समजूं शकतों. पण शक्ति नव्हती हें कारण २०२२ नंतर कोणालाहि देतां येणार नाहीं.

कांहीं राष्ट्रांनीं तिसराच मार्ग धरला आहे. पैसे द्यावयाचे, पण निर्वासित दुसरीकडेच राहावेत म्हणून द्यावयाचे. मार्च २०१६ मध्यें युरोपीय संघानें तुर्कस्तानाशीं जो समझोता केला त्यांत सहा अब्ज युरो देऊं केले होते. त्या पैशांतून सीरियन मुलांसाठीं शाळा व दवाखाने चालले, हें चांगलेंच झालें. परंतु मदतीच्या गळ्यांत 'यांना इकडे येऊं देऊं नका' ही अट बांधली कीं मदत घेणाऱ्याच्या हातीं एक कुलूप येतें आणि तो त्याची किंमत वाढवूं लागतो. ऑस्ट्रेलियानें समुद्रमार्गें आलेल्यांना नाऊरू या चिमुकल्या बेटावर व पापुआ न्यू गिनींतील मानूस बेटावर वर्षानुवर्षें ठेवलें. ब्रिटननें एप्रिल २०२२ मध्यें आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेंतील रुआंडास धाडण्याची योजना जाहीर केली. नोव्हेंबर २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती बेकायदेशीर ठरविली. जुलै २०२४ मध्यें नव्या सरकारनें ती गुंडाळली. तोंपर्यंत सत्तर कोटि पौंड खर्च झाले होते आणि त्या योजनेखालीं रुआंडास गेलेलीं माणसें चार होतीं, तींहि स्वखुषीनें. हा भागाकार आम्ही सातवीच्या मुलांवर सोपवितों.

येथें संपन्न देशांतील सामान्य नागरिकाची बाजूहि ऐकली पाहिजे. त्याला भाड्याचें घर मिळत नाहीं, दवाखान्यांत ताटकळावें लागतें, आणि मजुरी घसरेल अशी भीति वाटते. त्यास द्वेष्टा म्हणून हिणवून भागणार नाहीं. कारण निर्वासित वस्ती करतात ती बहुधा त्याच्या गल्लींत, धनिकांच्या बंगल्याशेजारीं नव्हे. जर्मनींत २०१५ सालीं एका वर्षांत जवळजवळ नऊ लक्ष लोक आश्रयासाठीं आले. गोंधळ झाला, पुढें राजकारणांत त्याचे कडू पडसादहि उमटले. तथापि दहा वर्षांच्या आंत त्यांतील काम करण्याच्या वयाचे निम्म्याहून अधिक लोक नोकरीधंद्यास लागले होते. पुरुष लवकर लागले, स्त्रिया मागें राहिल्या. भाषा शिकविण्यांत जेथें दिरंगाई झाली तेथें सर्वच मागें राहिले. आमच्याकडे कल्याणजवळची निर्वासितांची छावणी आठवावी. फाळणीनंतर सिंधहून आलेले सुमारें लाखभर लोक तेथील लष्करी बराकींत राहिले होते. १९४९ सालीं त्या छावणीला उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि आज तें एक गजबजलेलें व्यापारी शहर आहे. ते लोक आपल्याच देशाचे नागरिक ठरले, हा भेद मोठा आहे. पण काम करण्याची मोकळीक मिळाल्यावर निर्वासित काय करतो तें तेथें दिसतें.

मग कर्तव्य कोणतें ? आमच्या मतें पहिली गोष्ट पैशाची, आणि ती नियमिततेची आहे. उच्चायुक्तांच्या कचेरीला जवळजवळ सर्व पैसा राष्ट्रांच्या मर्जीनुसार मिळतो. नान्सेन यांना दारोदार फिरावें लागे, तसेंच आजहि चाललें आहे. अलीकडच्या वर्षांत गरजेच्या सुमारें निम्मीच रक्कम हातीं आली. २०२३ सालीं कॉक्स बाजारच्या छावण्यांत माणशीं महिना बारा डॉलरांचें धान्य मिळत असे, तें आधीं दहा व मग आठ डॉलरांवर आणलें गेलें. आठ डॉलरांत महिनाभर दोन वेळां जेवून दाखवावें ! पुढें रक्कम पुन्हा वाढली. पण मूल वाढीच्या वयांत असतें तेव्हां कमी झालेलें अन्न मागाहून भरून काढतां येत नाहीं. आपल्या गांवच्या शाळेचें अनुदान दरवर्षीं कोणाच्या लहरीवर अवलंबून असेल तर शिक्षक नेमतां येतील काय ? तोच न्याय येथें लावावा. युगांडा हा काहीं श्रीमंत देश नव्हे, तरी तो निर्वासितांस जमिनीचा तुकडा, काम करण्याची व हिंडण्याफिरण्याची मोकळीक आणि सरकारी शाळेंत जागा देतो. अशा देशाच्या पाठीशीं पैसा उभा करणें ही भिक्षा नसून त्याच्या शेतकऱ्यानें दिलेल्या जमिनीचें भाडें आहे.

परंतु पैसा देऊन मोकळें होतां येत नाहीं, हें १९७९ नें शिकविलें. कांहीं माणसें प्रत्यक्ष घेतलींच पाहिजेत : आजारी, एकटीं मुलें, छळाच्या खुणा अंगावर असलेले, ज्यांना शेजारच्या देशांतहि धोका आहे असे. अशा रीतीनें दूरच्या देशांत वसविले जाणारे लोक एकूण निर्वासितांच्या शेंकडा एकहि भरत नाहींत. २०२४ सालीं ही संख्या १ लक्ष ८८ हजारांवर गेली होती. परंतु जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेनें आपला दरवाजा एकाएकीं लावून घेतला. ज्या देशानें एका वर्षासाठीं सव्वा लक्षांची मर्यादा ठरविली होती त्यानें पुढच्या वर्षासाठीं ती साडेसात हजारांवर आणली. मलेशियाची १९७९ ची गोष्ट ज्यानें वाचली असेल त्यास याचा परिणाम वॉशिंग्टनपेक्षां नैरोबींत व ढाक्यांत अधिक जाणवेल हें सांगावयास नको.

आणि जे स्वतः होऊन दाराशीं येऊन ठेपतात त्यांचें म्हणणें लवकर व नीट ऐकून घ्यावें. निर्णयाची वाट पाहणारे २०२४ अखेर चौऱ्यायशीं लक्ष होते. ज्याला खरोखर धोका नाहीं त्यास, चौकशीअंतीं, परत पाठविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, आणि तो वापरण्यांत अन्याय नाहीं. अन्याय आहे तो पांच-पांच वर्षें निर्णयच न देण्यांत. काम करूं द्यावयाचें नाहीं आणि मग हे आयतें खातात म्हणून बोलावयाचें, यांत. डिसेंबर २०१८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत १८१ राष्ट्रांनीं निर्वासितांचा भार वांटून घेण्याच्या एका मसुद्यास मान्यता दिली. विरुद्ध मतें दोनच पडलीं. मसुदा उत्तम आहे. मात्र तोहि कोणावर बंधनकारक नाहीं.

पाठ शाळेचा असल्यामुळें शेवटीं शाळेकडेच येतों. शाळेंत जाण्याच्या वयाच्या निर्वासित मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं आज शाळेबाहेर आहेत. जीं प्राथमिक शाळेंत जातात त्यांतलीं थोडींच माध्यमिक शाळेपर्यंत पोहोंचतात, आणि महाविद्यालयापर्यंत पोहोंचणारे तरुण शेंकडा दहासुद्धां नाहींत. जर्मन सरकारच्या पैशानें १९९२ पासून निर्वासित तरुणांना उच्च शिक्षणासाठीं एक शिष्यवृत्ति दिली जाते. तिला आल्बर्ट आइन्स्टाइन यांचें नांव आहे. १९३३ सालीं ज्या देशांत त्यांना परत जाणें अशक्य झालें, तो देश जर्मनीच होता. ही शिष्यवृत्ति मिळालेले विद्यार्थी बहुतेक आपल्या मूळ देशाच्या शेजारींच, युगांडांत, इथियोपियांत, तुर्कस्तानांत, जॉर्डनमध्यें शिकतात. म्हणजे वर्ग एका देशाचा, पैसा दुसऱ्याचा, आणि विद्यार्थी तिसऱ्याच.